अल्पवयीन मुलाला दारू विकणाऱ्या दुकानाला शिक्षा कोणती असावी: दंड, तुरुंग की परवाना रद्द?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतला एक मुलगा यंदा अकरावीला आहे. मागच्या शनिवारी तो आणि त्याचे दोन मित्र बिअरच्या बाटल्यांसह मैदानामागे सापडले. मुलाच्या आईने रडतरडत मला बोलावले, म्हणून मी त्याच्याबरोबर त्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने शांतपणे उत्तर दिले की, "मी वय विचारले होते, तो एकवीस म्हणाला." मुलाच्या पाठीवर कॉलेजची बॅग होती आणि गळ्यात ओळखपत्राची दोरी होती, हे त्याला दिसले नसावे. पुढे अबकारी कचेरीत गेलो, तेव्हा "पुराव्यासह लेखी अर्ज द्या" एवढेच सांगण्यात आले.

माझे प्रश्न दोन आहेत. आपल्याकडे अशा दुकानदाराला नेमकी शिक्षा काय होऊ शकते? आणि ती काय असायला हवी? मुलांना कसे वळण लावावे यावर वेगळा धागा काढता येईल, इथे कृपया दुकानापुरतेच बोलावे.

कुंदाप्रेमी

वय विचारायचे आणि समोरच्याने सांगितलेले खरे मानायचे, इतका परस्परविश्वास बेळगावात फक्त दारूच्या काउंटरवर उरलेला दिसतो. बँकेत माझेच पैसे काढताना माझी सही तीनदा जुळवून पाहतात.

काळा_कोट

टिळकवाडीकर, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन तुकड्यांत द्यावे लागेल, कारण गिऱ्हाइकाचे वय अठराच्या आत आहे की अठरा ते एकवीस यांच्या मध्ये आहे, यावर सगळे अवलंबून आहे.

मूल अठराच्या आतले असेल तर बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) कायदा, 2015 याचे कलम 77 लागू होते. डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय मुलाला दारू, तंबाखूजन्य पदार्थ किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. हा केंद्राचा कायदा असल्याने निपाणीत आणि कागलमध्ये तो सारखाच आहे. आपल्या शेजारच्या मुलाचे प्रकरण यात बसते.

गिऱ्हाईक एकोणीस वर्षांचे असेल तर हा कायदा बाजूला पडतो. मग उरतात कर्नाटकाचे अबकारी नियम, आणि तिथे एक मजेदार विसंगती आहे. 1965 च्या कर्नाटक अबकारी कायद्याच्या कलम 36 मध्ये अठरा वर्षांचा उल्लेख आहे, तर परवान्यांच्या सर्वसाधारण अटींबाबतच्या 1967 च्या नियमांतील नियम 10 एकवीस वर्षांखालील व्यक्तीला विक्री करण्यास मनाई करतो. त्यामुळे एकोणीस वर्षांच्या मुलाला बाटली विकणारा दुकानदार परवान्याच्या अटीचा भंग करतो हे खरे, परंतु त्याच्यावर सात वर्षांची तलवार लटकत नाही. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार खात्याला आहे. तो किती वेळा वापरला जातो, हे आपण सगळे डोळ्यांनी पाहतोच.

निपाणकर

काळा_कोट यांनी चांगले समजावले. त्यात सीमेची भर घालतो. आमच्याकडे एकवीस. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला गेलो की महाराष्ट्राचा हिशोब सुरू होतो: बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस, शिवाय कागदोपत्री पिण्याचा परवानाही हवा. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरलो की अठरा. म्हणजे खानापूरचा एखादा वीस वर्षांचा मुलगा एका सकाळीत कणकुंबीला बेकायदेशीर गिऱ्हाईक असतो आणि घाट उतरल्यावर कायदेशीर होतो.

हसण्यासाठी लिहीत नाही. आमच्या भागातला दुकानदार याच गोंधळाच्या आड लपतो. विचारायला गेले की तो म्हणतो, "साहेब, मला वाटले अठराच आहे." ज्या नियमाचा आकडा गिऱ्हाईक, विक्रेता आणि पोलीस यांना एकसारखा पाठ नाही, त्याच्या भंगाला शिक्षा काय ठरवणार?

खानापूरची_लेक

मंडळींनी आतापर्यंत परवानाधारक दुकानाचीच चर्चा केली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

माझे माहेर खानापूर तालुक्यातील एका लहान गावात आहे. गावात दारूचे एकही दुकान नाही आणि तरीही शंभर पावलांच्या आत दारू मिळत नाही असे गावात एकही घर नाही. किराणा दुकानात तांदळाच्या पोत्यामागे, पानटपरीच्या फळीखाली, एका घराच्या न्हाणीघरात नव्वद मिलीचे कागदी पॅक ठेवलेले असतात. ते येतात कुठून, तर तालुक्याच्या परवानाधारक दुकानातून खोक्याने. तिथून मोटारसायकलवर गावात येतात आणि छापील किमतीवर दहा-वीस रुपये चढवून विकले जातात. सातवी-आठवीतली मुले चॉकलेट घ्यायला जिथे जातात, तिथेच हा माल असतो. त्या दुकानदाराला मुलगा ओळखीचा असतो, त्याचे वय त्याला त्याच्या बारशापासून माहीत असते, त्यामुळे "एकवीसचा वाटला" हे कारणसुद्धा त्याला देता येत नाही. त्याला कारण विचारणारेच कोणी नाही.

2007 साली राज्यात सारायी, म्हणजे पिशवीतून मिळणारी देशी दारू, बंद झाली, तेव्हा आमच्या आईसारख्या बायकांना वाटले होते की गावातून दारू गेली. ती पिशवीतून पॅकमध्ये गेली, एवढेच. गेल्या काही वर्षांत गावच्या बायकांनी दोनदा मोर्चा नेला. दोन्ही वेळा छापा पडला, आठवडाभर पोत्यामागे फक्त तांदूळ होता, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा सगळे जागेवर आले.

तेव्हा परवाना रद्द करा ही मागणी शहरात ठीक आहे, परंतु ज्याच्याकडे परवानाच नाही त्याचे तुम्ही काय रद्द करणार? मला विचाराल तर शिक्षा त्या खोकी पुरवणाऱ्या दुकानाला हवी. एकाच माणसाला रोज पाच खोकी विकताना ती कुठे जातात, हे त्याला ठाऊक नसते असे मी तरी मानायला तयार नाही.

कुंदाप्रेमी

ताई, तुमच्या प्रतिसादानंतर माझा विनोद मागे घ्यावासा वाटतो.

काउंटरच्या_आतून

मी या संकेतस्थळावर सहसा लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवले नाही. अकरा वर्षे मी या जिल्ह्यातील एका सीएल-2 दुकानात, म्हणजे किरकोळ दारूविक्रीचा परवाना असलेल्या दुकानात, काउंटरवर नोकरी केली. आता तो धंदा सोडला आहे.

पहिली गोष्ट, परवाना ज्याच्या नावावर असतो तो माणूस पुष्कळदा दुकानात पाऊलही टाकत नाही. परवाना एकाचा, भांडवल दुसऱ्याचे आणि काउंटरवर महिन्याच्या पगारावर ठेवलेला तिसरा, असा मामला असतो. छापा पडला की नाव लिहिले जाते ते तिसऱ्याचे. टिळकवाडीकरांना उत्तर देणारा माणूसही बहुधा तसाच असावा. त्याला सात वर्षांसाठी आत टाकून मालकाचा एक रुपयाही कमी होणार नाही. दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरा पोरगा उभा राहील.

दुसरी गोष्ट, संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळेत जाळीच्या त्या चौकोनातून एकावेळी चार हात आत येतात. आम्हाला चेहरा दिसत नाही, हात दिसतो आणि हातातली नोट दिसते. मी सुरुवातीला ओळखपत्र मागत असे. दोन-तीन वेळा मोबाईलवर मोठ्या भावाचे आधार कार्ड दाखवण्यात आले, एकदा दगड आला, आणि महिनाअखेर मालकाने विचारले की शेजारच्या दुकानापेक्षा आपला खप कमी का. त्यानंतर मी मागणे सोडले. यात माझी चूक आहे आणि ती मी नाकारत नाही.

तिसरी गोष्ट दंडाची. परवान्याच्या अटीचा भंग झाला की बहुतेक प्रकरणे तडजोड शुल्क भरून मिटतात. आमच्या मालकाच्या वहीत त्या रकमेसाठी वेगळा रकाना नव्हता, ती वीजबिलाच्या शेजारी लिहिली जात असे. दुकान मात्र एकदा सात दिवस बंद राहिले होते, आणि त्या आठवड्यात मालक रोज सकाळी येऊन कुलपाकडे पाहत उभे राहायचे. शिक्षा कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळले.

जुना_मास्तर

काउंटरच्या_आतून यांच्या प्रांजळपणाबद्दल आदर आहे, पण "चेहरा दिसत नाही" हे मला मान्य नाही. चौकोन लहान कोणी केला? ज्याला चेहरा पाहायचा नाही तोच जाळी बारीक ठेवतो.

मी चिकोडी भागात चौतीस वर्षे शिक्षक होतो. माझ्या अनुभवात लहान मुले दुकानात स्वतःसाठी फार कमी वेळा जातात. बाप बाजेवर बसतो आणि पोराच्या हातात पैसे देऊन सांगतो, "जा, एक क्वार्टर घेऊन ये." दुकानदार ती बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोन रुपयांचे शेंगदाणे मुलाला बक्षीस देऊन पाठवतो. सहावीतल्या एका मुलाने मला हे वर्गात निबंधात लिहून दिले होते, विषय होता "मी आईवडिलांना कशी मदत करतो." त्या वहीवर काय शेरा द्यावा हे मला सुचले नाही.

अशा वेळी दोषी कोण, बाप की दुकानदार?

काळा_कोट

मास्तर, कायद्याच्या दृष्टीने दोघेही अडचणीत येऊ शकतात. त्याच कायद्याचे कलम 78 दारूची विक्री, वाहतूक, पुरवठा किंवा तस्करी यांसाठी मुलाचा वापर करणाऱ्याला लागू होते, आणि तिथेही सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड आहे. बाटली आणायला पोराला पाठवणारा बाप शब्दशः त्यात बसतो. दुकानदाराने ती मुलाच्या हातात दिली, तर कलम 77 मधील "मुलाला देणे" या शब्दांवर युक्तिवाद करता येतो. बचावपक्ष म्हणेल की मूल फक्त निरोप्या होते. माझ्या मते कलमात "पिण्यासाठी" असा शब्द नाही, त्यामुळे तो बचाव लंगडा आहे.

आता कडू भाग. 2021 च्या दुरुस्तीनंतर, जी सप्टेंबर 2022 पासून अमलात आली, या कायद्याखालील तीन ते सात वर्षे शिक्षेचे गुन्हे अजामीनपात्र पण अदखलपात्र झाले. म्हणजे पोलीस ठाण्यात गेल्यावर पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास सुरू करता येत नाही. सात वर्षांची शिक्षा पुस्तकात छापलेली आहे आणि तिच्यापर्यंत जाणारी पायवाट मधेच खणून ठेवली आहे. टिळकवाडीकर, आपल्याला कचेरीतून जे उत्तर मिळाले त्याचे आश्चर्य वाटून घेऊ नका.

निपाणकर

पण पुण्यात मे 2024 मध्ये तर पबच्या मालक-व्यवस्थापकांना दोन दिवसांत अटक झाली होती. तेव्हा हे अदखलपात्र वगैरे कुठे आडवे आले नाही.

काळा_कोट

निपाणकर, त्या प्रकरणात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले होते आणि सारा देश पाहत होता. दखलपात्र आणि अदखलपात्र गुन्हे एकत्र आले की सगळ्यांचा तपास दखलपात्र म्हणून करता येतो, हा तांत्रिक भागही आहे. तरी आपला टोला बरोबर आहे. जी तत्परता दोन मृत्यूंनंतर दिसते ती बाटली विकताना दिसत नाही.

लीड्स_ते_लोंढा

मी मूळचा लोंढ्याचा, गेली चौदा वर्षे इंग्लंडमध्ये आहे. तिकडचे गोडवे गाण्याचा हेतू नाही, पण एक पद्धत सांगण्यासारखी आहे. तिथे किमान वय अठराच आहे, तरीही बहुतेक दुकाने पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागतात. त्यामागे दुकानाची स्वतःची भीती आहे. अधिकारी आपल्या देखरेखीखाली एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला खरेदीसाठी पाठवतात. विक्रेत्याने वय न तपासता बाटली दिली की तो तिथेच सापडतो. तीन महिन्यांत दोनदा असे घडले तर परवानाधारकावर "सतत विक्री" असा वेगळा गुन्हा लागतो, परवाना तीन महिन्यांपर्यंत निलंबित होऊ शकतो, किंवा खटल्याऐवजी 48 ते 336 तास दारूविक्री बंद ठेवण्याचा पर्याय दिला जातो. 336 तास म्हणजे बरोबर चौदा दिवस. काउंटरच्या_आतून यांनी सांगितलेले ते सात दिवसांचे कुलूप वाचताना मला हेच आठवले.

एकदा केस पिकू लागलेल्या मलाही ओळखपत्र मागितले गेले होते. त्या दिवशी घरी गोडधोड झाले.

जुना_मास्तर

आपल्याकडे असा मुलगा चाचणीसाठी पाठवला तर दुकानदाराला त्याचे नाव, त्याच्या आजोबांचे नाव आणि तो कोणत्या साहेबाच्या जीपमधून आला हे तो काउंटरपाशी पोहोचण्याआधीच कळलेले असेल.

काळा_कोट

शिवाय इथे मुलाच्या हाती बाटली देववण्याचा प्रयोग कलम 77-78 च्या जवळून जाईल. एकवीस वर्षांचा पण कोवळा दिसणारा स्वयंसेवक पाठवून फक्त "ओळखपत्र मागितले का" एवढेच तपासता येईल. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, खात्याची इच्छा लागेल.

घटप्रभा_काठ

इच्छेवरून आठवले. जानेवारी 2023 मध्ये आपल्या राज्य सरकारनेच एकवीसचे अठरा करण्याचा मसुदा काढला होता. ओरड झाल्यावर काही दिवसांत तो मागे घ्यावा लागला. दुसरीकडे सिगारेट-तंबाखू विकत घेण्याचे वय याच राज्याने अठरावरून एकवीस केले. ज्या खात्याला दरवर्षी महसुलाचे वाढते उद्दिष्ट दिले जाते, त्याच खात्याला खप कमी करणारी तपासणी करायला सांगणे म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगण्यासारखे आहे.

हा जिल्हा महाराष्ट्रात असता तर बायकांनी मतदान करून बाटली आडवी तरी केली असती.

कुंदाप्रेमी

घटप्रभा_काठ, जिल्हा कोणत्या राज्यात असावा या सीमावादाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो निकाली निघेपर्यंत टिळकवाडीकरांचा शेजारी मुलगा पंचवीस वर्षांचाही होऊन जाईल आणि तिन्ही राज्यांत कायदेशीर ठरेल.

टिळकवाडीकर

सीमाप्रश्नाकडे धागा वळू नये ही विनंती, अन्यथा उद्या सकाळपर्यंत तीनशे प्रतिसाद होतील आणि दुकानदार सुटेल.

खानापूरची_लेक

आडव्या बाटलीबद्दल माझे मत वेगळे आहे. माझी नणंद महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात असते. तिथेही पोत्यामागचा माल आहे, फक्त तो गोवा बनावटीचा असतो. परवाना बंद केला की विक्री बंद होते, हे सीमेवरच्या माणसाने तरी म्हणू नये.

काउंटरच्या_आतून

मास्तरांच्या जाळीच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. ते बरोबर बोलत आहेत. जाळी चोरीच्या भीतीने बसवली होती, पण चौकोन किती मोठा ठेवायचा हे आम्हीच ठरवले होते.

खानापूरच्या ताईंच्या खोक्यांबद्दलही सांगतो. रोज पाच खोकी नेणारी माणसे आम्हाला नावानिशी ठाऊक असत. त्यांचे बिल निरनिराळ्या गिऱ्हाइकांच्या नावे फुटकळ विक्री म्हणून लावले जाई. त्यामुळे शिक्षा ठरवायचीच असेल तर माझा कौल असा: काउंटरवरच्या माणसाला दंड, परवानाधारकाला पहिल्या वेळी पंधरा दिवस कुलूप, दुसऱ्या वेळी सणासुदीचा पूर्ण महिना कुलूप, आणि तडजोड शुल्काची सोय या एका गुन्ह्यापुरती बंद. तिसरी वेळ येणार नाही. आली तर परवाना जाऊ द्यावा.

निपाणकर

सणासुदीचा महिना ही शिक्षा ज्याला सुचली तो खरोखर अकरा वर्षे आत होता, याबद्दल आता शंका उरली नाही. माझेही अनुमोदन. मात्र त्याआधी कायद्यातले अठरा आणि नियमातले एकवीस यांपैकी एक आकडा खोडावा.

काळा_कोट

टिळकवाडीकर, आपल्या अर्जासाठी तीन गोष्टी सुचवतो. दिवस आणि वेळ नेमकी लिहा, आणि दुकानातील कॅमेऱ्याचे त्या तासाचे चित्रण जपून ठेवण्याची मागणी अर्जातच करा, कारण ते काही दिवसांत आपोआप पुसले जाते. अर्जाची प्रत बाल कल्याण समितीला द्या. 1098 या क्रमांकावरही नोंद होते. आणि दुकानात एक फलक आहे का ते पाहा. बाल न्यायाच्या 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे दारू विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने, मुलाला दारू देणे किंवा विकणे हा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा आणि एक लाखापर्यंत दंडाचा गुन्हा आहे, असे ठळक जागी लिहायचे असते.

टिळकवाडीकर

आज अर्ज देऊन आलो. पोच मिळाली आहे, शिक्का थोडा अस्पष्ट आहे पण तारीख वाचता येते. मुलाच्या आईनेही सही केली, वडिलांनी केली नाही.

परत येताना दुकानासमोर थांबून फलक शोधला. एक सापडला. बिअरच्या रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागे त्याची वरची ओळ दिसत होती: "21 वर्षांखालील व्यक्तींना मद्यविक्री केली जाणार नाही." फ्रिजच्या दारावर दुसरा कागद चिकटवला होता, त्यावर 18 होते. सात वर्षांचा उल्लेख कुठेच नव्हता. दोन्हींचे फोटो काढले आहेत. काळा_कोट, ते अर्जाला पुरवणी म्हणून जोडता येतील का?

काळा_कोट

जोडा. क्रेटसह फोटो असेल तर तोच जोडा.